कोल्हापुरांतील घरचा कारखाना

२०२४ सालच्या मार्गशीर्षांत आम्हांस चार दिवसांकरितां कोल्हापुरास जाण्याचा योग आला. कोल्हापुरास जाणारा मनुष्य अंबाबाईचें दर्शन घेतो, सायंकाळीं रंकाळ्यावर वारा खातो, येतांना गुळाची ढेप बांधून आणतो आणि घरीं आल्यावर, लेखणी हातांत असल्यास, त्यावर एक लेख लिहितो. तसले लेख आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचले असतील. आमच्या हातूनही तें पाप एक-दोनदां घडलेलें आहे. ह्या खेपेस मात्र अंबाबाईचें दर्शन तेवढें घडलें. रंकाळा रिक्षांतून ओझरता दिसला. बाकीचा सर्व वेळ मंगळवार पेठेंतील एका जुन्या घराच्या मागल्या पडवींत, तेलाच्या वासांत व लोखंडाच्या किसांत गेला. कोल्हापूरचें हें स्थळ कोणत्याही प्रवासी पुस्तकांत सांपडावयाचें नाहीं, म्हणून त्याची हकीकत येथें देतों.

पुण्याहून कोयना एक्सप्रेसनें निघालों. नीरा, लोणंद, सातारा, कऱ्हाड अशीं ओळखीचीं स्टेशनें मागें टाकीत गाडी उंसाच्या मुलुखांत शिरली आणि दिवस कलतां कलतां किर्लोस्करवाडी आली. हें स्टेशन आलें म्हणजे आमच्या घराण्यांतील वडील माणसें डब्यांतल्या मुलांस खिडकीशीं बोलावीत आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगत. लक्ष्मणराव मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. परंतु कांहीं रंग आपणांस नीट ओळखूं येत नाहींत असें ध्यानांत आल्यावर त्यांनीं यांत्रिक रेखाटनाचा मार्ग धरिला, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाची नोकरी केली, ती सोडून बेळगांवीं सायकलींचें दुकान घातलें, पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर केले, आणि अखेर १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं देऊं केलेल्या माळावर येऊन हा कारखाना उभा केला. ही गोष्ट आम्हीं लहानपणीं इतक्या वेळां ऐकिली कीं तिच्यांतील सालेंही पाठ झालीं. परंतु आज मागें पाहतां एक गंमत वाटते. लक्ष्मणरावांचें नांव आमच्या घरांत आदरानें घेतलें जाई खरें, पण तें भिंतीवरच्या तसबिरीपुरतें. घरांतल्या एखाद्या पोरानें उठून कानस हातांत धरली असती तर ती काढून घेण्यास तेच हात प्रथम पुढें आले असते. नुसतें 'असते' कशाला म्हणावें? एका पोराच्या बाबतींत तसें घडलेंच. आणि त्याच पोराकडे, म्हणजे आतां बहात्तर वर्षांच्या आमच्या मावसभावाकडे, आम्ही निघालों होतों.

ह्यांस आम्ही दादा म्हणतों. दादांची शाळा अशा बाजूस होती कीं घरीं येतांना वाट थोडी वांकडी केली तर उद्यमनगरांतून जातां येई. तेथें पत्र्याच्या छपरांखालीं लेथ चालत, भट्ट्यांतून ओतकाम निघे, आणि हा मुलगा दप्तर पाठीस लावून दारांत तासन् तास उभा राही. एके दिवशीं कोणा टर्नरनें कौतुकानें त्याच्या हातीं यंत्राचें चाक दिलें. मुलगा तेलाचे डाग घेऊन घरीं आला. आमच्या मावसोबांनीं, जे स्वतः शिक्षक होते, त्यास मारिलें नाहीं, नुसतें पडवींत उभें करून विचारिलें, “हात काळे करावयाचे होते तर पुस्तकांवर पैसे कशाला घालविले?” त्यानंतर दादा बी. कॉम. झाले, बँकेंत लागले, छत्तीस वर्षें त्यांनीं दुसऱ्यांच्या पैशाचे हिशेब पैन् पै जुळविले, आणि २०१२ सालीं सेवानिवृत्त होतांच त्याच पडवींत एक लेथ आणून बसविला.

ही वार्ता कळली तेव्हां आप्तेष्टांत फार हंशा पिकला. त्या हंशांत आम्हीही होतों. आम्हीं तर लेखक; आम्हीं दादांस एक चांगलें दोन पानांचें विनोदी पत्र लिहिलें, त्यांत त्यांस 'कारखानदार' असें संबोधून नांगर केव्हां बाजारांत येणार अशी पृच्छा केली, आणि पत्र धाडण्यापूर्वीं तें चार मित्रांस वाचूनही दाखविलें. दादांचें उत्तर आलें नाहीं.

आतां ही पडवी पाहूं. लांबी बारा फूट, रुंदी नऊ. एका अंगास राजकोटकडील बनावटीचा साडेचार फुटी लेथ. समोर सागवानी फळीचें टेबल व त्यावर व्हाइस. कोपऱ्यांत उभें ड्रिल. भिंतीवर खिळ्यांना लटकणारे पाने, कानशी व टॅप. खिडकीखालीं 'मॉडेल इंजिनीअर' ह्या इंग्रजी नियतकालिकाच्या जुन्या अंकांचे गठ्ठे होते. पर्सिव्हल मार्शल ह्या गृहस्थानें हें पत्र १८९८ सालीं लंडनांत काढिलें. विलायतेंत दिवसा कचेरीत, शाळेंत किंवा दवाखान्यांत काम करून रात्रीं घरच्या खोपटांत लेथवर बसणाऱ्या लोकांचा एक मोठा वर्ग होता व आहे, त्यांचें हें पत्र. दादांनीं हे अंक रद्दीच्या दुकानांतून वजनावर घेतले.

घरांत ह्या पडवीचें सोंवळें आहे. आंत जातांना निराळ्या चपला. बाहेर येतांना अंगावरून लोहचुंबक फिरवावयाचा, कारण लोखंडाचा कीस एकदां तळपायांत शिरला कीं तो काढतांना वहिनींचा चष्मा, सुई व तोंड अशीं तीनही कामाला लागतात. उलट, मायक्रोमीटरला हात लावावयाचा असल्यास तो धुऊन पुसूनच लावावा, हें दादांचें सोंवळें. दोन्ही सोंवळीं सारख्याच कडकपणें पाळलीं जातात.

लेथ म्हणजे काय हें आमच्या कित्येक भगिनींस सांगावें लागेल. सावंतवाडीचे कारागीर लांकडीं खेळणीं कांततात तीं पाहिलीं असतील. लांकूड फिरत असतें आणि त्यावर हत्यार टेकलें कीं तें गोल होत जातें. लेथांतही तेंच. पूर्वीं लोखंड कांततांनाही हत्यार मनुष्याच्याच हातांत असे. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले ह्या इंग्रज कारागिरानें, हत्यार हातांत न धरतां तें लोखंडी सरकत्या बैठकींत पक्कें आवळून ती बैठक स्क्रूनें पुढेंमागें करण्याची तऱ्हा पूर्णत्वास नेली, आणि तेथपासून एकासारखा दुसरा स्क्रू होऊं लागला. ह्या मॉडस्लेनें आपल्या टेबलावर एक मापयंत्र ठेविलें होतें, त्याचें नांव त्यानें 'लॉर्ड चॅन्सेलर' ठेविलें. कारण त्याच्या निकालावर अपील नसे. दादांस ही गोष्ट फार आवडते. बँकेंत, ते म्हणतात, अपीलच अपील.

पण नुसता लेथ आणून भागत नाहीं. यंत्र एक आणि त्याचीं उपांगें शंभर. चूल एकच असली तरी सांडशी, झारा, उलथणें, किसणी ह्यांवांचून स्वयंपाक होत नाहीं, तसेंच हें. हीं उपांगें बाजारांत मिळतात, परंतु नेमकें आपल्या यंत्राला, आपल्या कामाला व आपल्या हाताला बसेल असें सहसा मिळत नाहीं. तें आपणच करावें लागतें. आणि मौज अशी कीं, लेथचें उपांग करण्याचें यंत्र तरी कोणतें? तर लेथच. दादांनीं बारा वर्षांत हत्यार धरण्याच्या पकडी केल्या, भोंक मोठें करण्याचे दांडे केले, बारीक ड्रिलांना धार लावण्याची बैठक केली. विकण्याची वस्तु एकही नाहीं. “मग हें सर्व कशाकरितां?” असें आम्हीं पहिल्याच रात्रीं विचारिलें. दादा म्हणाले, “पुढलें करतां यावें म्हणून.”

ह्या खेपेचें काम मात्र स्वतःकरितां नव्हतें. तें मेस्त्रींकरितां होतें.

हे मेस्त्री कोण, तें सांगितलें पाहिजे. लेथ घेतल्यावर दादा पुस्तकें वाचून तो चालवूं लागले आणि आठ दिवसांत त्यांनीं तीन हत्यारें मोडलीं. तेव्हां ते उद्यमनगरांत एका वृद्ध टर्नरकडे गेले. त्यांनीं दादांचे हात उलटसुलट करून पाहिले आणि सांगितलें कीं रोज सकाळीं येत जा. साठीचा सेवानिवृत्त बँक अधिकारी महिनाभर त्या छपराखालीं उभा राहून लोखंडाचा एकच तुकडा कानशीनें घांसून चौरस करीत होता. यंत्राला हात नाहीं. तुकडा काटकोनांत आला असें दादांस वाटे. मेस्त्री तो गुण्याला लावून उजेडासमोर धरीत, फटींतून दिसणारी उजेडाची रेघ दाखवीत आणि न बोलतां परत देत. पुढें वर्षभर हें शिक्षण चाललें. पैशाचें नांव काढतां येईना; तेव्हांपासून दादा खंडेनवमीस आपल्या यंत्राची पूजा करण्यापूर्वीं मेस्त्रींच्या घरीं नारळ पोंचवितात.

दोन वर्षांपूर्वीं मेस्त्रींस अर्धांगाचा झटका आला. चालूं लागले, बोलूं लागले, परंतु उजव्या हातांत जोर राहिला नाहीं. तरीही मुलाच्या कारखान्यांत एका बाजूच्या लहान लेथवर ते रोज येऊन बसतात. मुलगा त्यांस बारीकसारीक काम देतो, त्यांत आठ मिलिमीटरच्या दांड्यांवर आटे पाडण्याचें काम बरेंच असतें. आणि तेंच त्यांस साधेना.

आटे पाडण्याचें हत्यार म्हणजे डाय. चकली-शेवेचा सोऱ्या आठवा. त्यांतील चकतीसारखी ही कठीण पोलादाची चकती, मध्यें दांतेरी भोंक. आठ मिलिमीटरच्या आट्याची चकती पंचवीस मिलिमीटर व्यासाची व नऊ जाडीची असते. ती दोन मुठींच्या दांड्यांत बसवून, फिरवीत फिरवीत लोखंडी कांबीवर चढवावयाची. दोन्ही हातांचा दाब सारखा पडला तर आटे सरळ. एका बाजूस अधिक पडला तर चकती तिरपी चढते, आटे वांकडे पडतात आणि नट निम्म्यावर जाऊन अडतो. मेस्त्रींचा डावा हात शाबूत व उजवा अधू, त्यामुळें प्रत्येक कांब वांकडी. पन्नास वर्षें ज्यांनीं दुसऱ्यांच्या वांकड्या कामावर बोट ठेविलें, त्यांचा मुलगा आतां बापाच्या पाठीमागें ते बोल्ट भंगारांत टाकी, आणि मेस्त्रींना तें ठाऊक होतें. दादा हें सांगतांना थोडा वेळ थांबले.

ह्यावर उपाय असा कीं डाय हातांत न धरतां लेथच्या उजव्या टोंकास असलेल्या टेलस्टॉकमध्यें बसवावी, म्हणजे ती कांबीच्या अगदीं समोर, एका रेषेंत राहते व तिरपी होऊंच शकत नाहीं. त्याकरितां दोन भाग लागतात. एक दांडा, ज्याचें एक टोंक निमुळतें होत टेलस्टॉकच्या निमुळत्या भोकांत घट्ट बसतें आणि दुसरें टोंक सरळ, सोळा मिलिमीटर जाड. दुसरा भाग म्हणजे एक जाड नळकांडें; त्याच्या तोंडांत चकती बसते आणि तें ह्या सरळ दांड्यावर पुढें सरकतें. आटे पडूं लागले कीं चकती आपण होऊन कांबीवर चढत जाते व नळकांड्यास आपल्याबरोबर ओढून नेते. सगळी मातब्बरी ह्या सरकण्यांत आहे. दांडा व नळकांडें ह्यांच्यांत फट राहिली तर नळकांडें डुलतें, आणि डुललें कीं पुन्हां वांकडे आटे.

पहिला दिवस निमुळत्या टोंकांत गेला. हा उतार ठराविक असतो. मोर्स नांवाच्या अमेरिकन माणसाच्या नांवानें तो चालतो, आणि दुसऱ्या नंबरचा उतार बाजूगणिक दीड अंशाहूनही किंचित् कमी असतो. नुसत्या डोळ्यांस तो दांडा सरळच दिसावा. दादांनीं हत्याराची बैठक तेवढी तिरपी केली, कांतलें, मग दांड्यावर निळ्या रंगाच्या तीन बारीक रेघा लांबवर ओढून तो भोकांत घालून किंचित् फिरवून काढिला. रेघा जाड टोंकाकडे पुसल्या होत्या, बारीक टोंकाकडे जशाच्या तशा. म्हणजे बारीक टोंक भोकांत लागतच नव्हतें. बैठक केसभर फिरविली, पुन्हां कांतलें, पुन्हां रेघा. हें सहा वेळां झालें. सातव्या वेळीं तीनही रेघा टोंकापासून टोंकापर्यंत सारख्या पुसल्या गेल्या, आणि दादांनीं दांडा हातानें दाबून बसविला तो आम्हांस दोन्ही हातांनीं ओढूनही निघेना. आम्हीं टाळी वाजविली. दादांनीं यंत्र पुसावयास घेतलें.

दुसऱ्या दिवशीं नळकांडें. पन्नास मिलिमीटर जाडीच्या लोखंडी कांबीचा तुकडा चकांत आवळून त्यास मध्यें भोंक पाडिलें व तें आंतून कांतून वाढवीत आणिलें. सोळाच्या भोकाला शेवटचा हात रीमरचा. त्यासाठीं पंधरा पूर्णांक आठ दशांशापर्यंत कांतून ठेवावयाचें. भोंक पंधरा पूर्णांक तीन झालें असतां बाहेर कोणी हांक मारिली. दादा आम्हांस म्हणाले, “अर्धा मिलिमीटर वाढवायचा आहे. तूं घे एक हात. सकाळीं सांगितलें तें ध्यानांत आहे ना?” आम्हीं मान डोलाविली. सकाळीं त्यांनीं सांगितलें होतें कीं चाकावरच्या खुणा हत्यार किती सरकलें तें दाखवितात. भोंक दोन्ही बाजूंनीं वाढतें, म्हणून व्यासांत दुप्पट फरक पडतो. हें आम्हांस पूर्णपणें समजलें होतें. समजलें होतें म्हणूनच कीं काय, प्रत्यक्ष वेळीं आठवलें नाहीं. अर्धा मिलिमीटर वाढवावयाचा म्हणून आम्हीं चाक अर्धा मिलिमीटर फिरविलें, मोठ्या ऐटींत यंत्र चालू केलें, आणि आंतून निघणारा चकचकीत कीस पाहून वहिनींस हांकही मारिली.

दादा परत आले, त्यांनीं माप घेतलें, तें पुसून पुन्हां घेतलें. मग कालचा दांडा उचलून भोकांत घातला. तो आंत खुळखुळला. तो आवाज अजून आमच्या कानांत आहे. सोळा पूर्णांक तीन! कागदावरची चूक खोडतां येते, छापलेली चूक पुढील अंकांत सुधारतां येते, आणि आमचा सारा जन्म अशाच चुकांत गेला आहे. परंतु लोखंड एकदां गेलें तें गेलें. आम्हीं कांहीं तरी बोलूं लागलों, उजेड कमी होता वगैरे. दादा म्हणाले, “जेवून घेऊं.”

जेवतांना कोणी बोललें नाहीं. वहिनींनीं मात्र आम्हांस आग्रहानें दोनदां वाढलें, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हें कळलें.

पन्नासची कांब एवढीच होती. नवी आणून पुन्हां आरंभ करावयाचा तर दोन दिवस लागणार, आणि मुलाकडे बंगळूरला जाण्याकरितां दादांचें पांचव्या दिवसाचें तिकीट काढलेलें. तेथें महिना मोडणार. दुपारीं दादा पडवींत नुसते बसून होते. मग त्यांनीं बिघडलेलें नळकांडें उचलिलें व म्हणाले, “बुश घालूं.” म्हणजे भोंक आणखी मोठें, वीस मिलिमीटरचें करावयाचें, त्यांत गनमेटलची नळी दाबून बसवावयाची आणि तिच्यांत नवें भोंक सोळाचें करावयाचें. फाटलेल्या वस्त्रास अस्तर लावावें तसें. आंकडे मांडावयास कागद पाहिजे म्हणून त्यांनीं खिडकींतल्या गठ्ठ्यांतून एक घडी काढिली. तिच्या पाठीवर कुठल्याशा जुन्या पकडीचें सुबक रेखाटन होतें, आणि कागदाच्या दुसऱ्या बाजूस आमचें अक्षर. २०१२ चें तें विनोदी पत्र! आम्हीं तें ओळखिलें हें दादांनीं ओळखिलें. “कागद चांगला जाड होता,” ते म्हणाले, आणि उरलेल्या कोऱ्या जागेंत त्यांनीं बुशाची आकृति काढावयास सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं गनमेटल आणावयास आम्ही दोघे उद्यमनगरांत पायींच गेलों. शहराच्या पोटांतच हें नगर वसलें आहे. गल्लीगल्लींतून लेथांचा आवाज, ओतशाळांच्या काळ्या वाळूचे ढीग, हातगाड्यांवर न घांसलेलीं करडीं ओतीव अंगें. एका दाराशीं मोठमोठे कांतलेले भाग, तर शेजारच्या दाराशीं बोटाएवढ्या वस्तूंच्या टोपल्या. चालतां चालतां दादांनीं बाबूराव पेंटरांची गोष्ट काढिली. ह्यांचें मूळ आडनांव मेस्त्री. बंधु आनंदराव ह्यांच्यासह त्यांस चलच्चित्रांचा नाद लागला. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हां तो आपणच करावा असें ठरलें. १९१६ सालीं आनंदराव वारले. तरी बाबूरावांनीं विष्णुपंत दामल्यांना हाताशीं धरून १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि १९२० सालीं 'सैरंध्री' हा चित्रपट बाहेर आला. प्रत्येक चित्र थांबून, उघडून, पुन्हां पुढें सरकावें, तेंही दर सेकंदास अनेक वेळां, असें तें यंत्र. “त्यांतलीं चक्रें कुणी तरी अशींच कुठें तरी घांसलीं असतील,” दादा म्हणाले, “आणि एखादें बिघडलेंही असेल.” आम्हांस हें आमच्या समाधानाकरितां होतें कीं काय, न कळे, पण आम्हीं तें तसें घेतलें.

गनमेटल म्हणजे तांबें, कथील व थोडें जस्त. एका ओतशाळेंत तुकडा मिळाला. तराजूंत घालून भावानें दिला. घरीं येऊन भोंक वीस केलें, नळी बाहेरून वीसहून दोन शतांश मिलिमीटर जाड ठेविली आणि दोन्ही व्हाइसच्या जबड्यांत धरून हळूहळू दाबीत आणिलीं. नळी करकरत आंत गेली. आंतलें भोंक ह्या दाबानें किंचित् आकसतें, म्हणून तें शेवटीं रीमरनें पुरें केलें. ह्या सर्व वेळीं आम्ही दारांत उभे होतों. अखेर तेलाचें बोट लावून दादांनीं दांडा भोकांत सोडिला. तो आपल्याच वजनानें, घाई न करतां, खालीं उतरला. वरून अंगठ्यानें भोंक दाबतांच जागच्या जागीं थांबला. अंगठा काढिला, पुन्हां उतरूं लागला. दादांनीं आमच्याकडे पाहून तें पुन्हां एकदां करून दाखविलें. रात्रीं दहापर्यंत चकतीची बैठक, ती आवळण्याचे तीन बारीक स्क्रू आणि नळकांडें हातांत धरून ठेवण्याचा चार बोटें लांबीचा आडवा दांडा एवढें झालें.

चौथ्या दिवशीं आमची गाडी दुपारची. सकाळीं पुडकें घेऊन मेस्त्रींकडे गेलों. पत्र्याच्या छपराखालीं तीन मोठे लेथ चालू होते आणि कोपऱ्यांतल्या लहान लेथपाशीं, स्टुलावर, पांढऱ्या टोपीचे कृश गृहस्थ बसले होते.

“या की सायेब,” ते म्हणाले. दादा त्यांच्यापुढें उभेच राहिले. छत्तीस वर्षें अधिकाराच्या खुर्चींत बसलेले दादा असे उभे राहिलेले आम्हीं कधीं पाहिले नव्हते. मेस्त्रींनीं वस्तु डाव्या हातांत घेतली, दांडा आंतबाहेर केला, तोंडाशीं नेऊन आंत पाहिलें.

“ह्ये बुश कशापायी?”

“भोंक मोठें झालें.”

“कुणाच्या हातनं? तुमच्या न्हवं.”

आम्हीं पुढें होऊन कबूल केलें. मेस्त्रींनीं आम्हांस आपादमस्तक न्याहाळिलें. “पुन्याचं पाव्हणं व्हय? मग बराबर हाय,” असें म्हणून ते हंसले, मग दादांकडे वळून, “पर बुश घातलं ते बेस केलासा. लोखंडावर लोखंड चिकाटलं असतं. ह्ये कसं, लोण्यावानी जातंय.”

आमच्या मनावरचा एक मणाचा भार उतरला. पण परीक्षा संपली नव्हती. मेस्त्रींनीं वस्तु टेलस्टॉकमध्यें चढविली, कांब चकांत धरिली, चकती तिच्या टोंकास टेकविली आणि डाव्या हातानें चक फिरवूं लागले. चकती कांबीवर चढली मात्र, तोंच नळकांडेंही कांबीबरोबर फिरूं लागलें. तें धरून ठेवावयाचें उजव्या हातानें. आणि त्या हाताचीं बोटें आडव्या दांड्यावर टेकलेलीं होतीं, परंतु दांडा त्यांतून निसटून गेला. मेस्त्रींनीं हात मांडीवर ठेविला व दुसरीकडे पाहिलें. दादांचा चेहरा पांढरा पडला. तीन महिने मनांत घोळविलेल्या ह्या कामांत त्यांनीं सर्व मापें घेतलीं होतीं. ज्या हाताकरितां काम, त्या हाताचें माप तेवढें राहिलें होतें.

क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं. मग मेस्त्रींनीं डाव्या हाताच्या बोटानें लेथच्या सरकत्या बैठकीवर दोनदां टिचकी मारिली. “ह्यो दांडा लांब करा. हितवर यू द्या. टेकू द्या हिकडं. धरायचं कशाला मानसानं?”

दादांनीं पाहिलें, आणि एकदम पटकन् खालीं बसून त्यांनीं भंगाराच्या डब्यांत हात घातला. वीतभर लांबीची एक गज सांपडली. मेस्त्रींच्या मुलानें आपलें काम थांबवून तिच्या टोंकास आटे पाडून दिले. आंखूड दांडा काढून तेथें ती बसविली, तेव्हां तिचें मोकळें टोंक बरोबर बैठकीच्या सपाट पाठीवर येऊन विसावलें. मेस्त्रींनीं पुन्हां चक फिरविलें. नळकांडें फिरूं पाहूं लागलें, गज बैठकीवर दाबली गेली, आणि नळकांडें न फिरतां निमूटपणें कांबीवर पुढें सरकूं लागलें. उजवा हात मांडीवर तसाच होता. अर्धा फेर पुढें, पाव फेर मागें, तेलाचा थेंब, पुन्हां अर्धा फेर. कांब निघाली. मेस्त्रींनीं एक नट तिच्या टोंकास लावून बोटानें नुसता टोला दिला. नट गरगरत मुळापर्यंत गेला.

मेस्त्रींनीं ती कांब मुलाच्या टेबलावर, त्याला दिसेल अशी, ठेविली आणि दुसरी घेतली.

चहा आला. आमची गाडीची वेळ होत आली होती. आम्हीं दादांस दोनदां खूण केली. परंतु गज बैठकीवर घांसून तिची पाठ खरडली जाईल, तेव्हां टोंकास पितळेची टोपी पाहिजे, असें मेस्त्रींचें म्हणणें पडलें, आणि दादा गुडघ्यावर बसून त्या टोंकाचें माप घेत होते. आम्हांस स्टेशनवर पोंचवावयास वहिनीच आल्या.